लाल झेंड्याचा दिवस

भिंगारला माझ्या भाड्याच्या खोलीखालून वरात गेली. फटाक्यांच्या दारूचा वास आला आणि मी नकळत भिंतीवरची तसबीर उतरवली.

माझ्या लहानपणी डोंगरावर लष्कराच्या तोफांच्या सरावाचा लाल झेंडा चढला की आमचं गाव दिवसभर रिकामं व्हायचं. त्या सकाळी हादऱ्यानं पडू नयेत म्हणून काकू देव्हाऱ्यातले देव कणगीतल्या ज्वारीत पुरत होती. गाय व्यायला टेकली होती.

"चल गं, जवान आल्यात," काका म्हणाले.

"मग गाईलाबी ज्वारीत पुरू व्हय? लढाई कुणाशी हाय, इचारा त्यास्नी!"

शेवटी गाय हळूहळू माळावर नेली. तिथंच व्याली. वासरू नुकतं उभं राहिलं, तोच पहिली तोफ धडाडली आणि ते कोसळलं. काकूनं त्याचे कान दोन्ही हातांनी झाकले.

तेव्हा मला ती सहल वाटायची. आता 'लढाई कुणाशी' हा काकूचा प्रश्न माझा झालाय. फटाके थांबलेत, तरी तसबीर परत टांगायला हात धजत नाही.