युसूफचाचांची अमानत

गेली कित्येक वर्षं मी सत्संगात एक अनुभव सांगत आलो. तरुणपणी कर्जात बुडालो होतो, भद्रा मारुतीच्या वाटेवर एक अनोळखी गृहस्थ भेटला आणि त्यानं मला तारलं. लोक ऐकून हात जोडत. त्या सांगण्यात दोन गोष्टी खोट्या होत्या. तो गृहस्थ अनोळखी नव्हता, आणि मी देवाकडं कर्जमुक्ती मागायला निघालो नव्हतो.

पोलीस ॲक्शनच्या वेळी मी औरंगाबादेत सरकीच्या एका पेढीवर कारकून होतो. पगार वाईट नव्हता, पण पहिल्या आठवड्यातच संपे. वाणी, शिंपी, पानवाला, सगळ्यांकडं उधारी. एकाचं भागवायला दुसऱ्याकडून उचल. शेजारी युसूफचाचा राहत, मागावर हिमरूचं नक्षीदार कापड विणणारे. त्या धामधुमीत ते बायकामुलांना घेऊन सासुरवाडीला, लासूर स्टेशनला निघाले, तेव्हा निजामी नाण्यातले, म्हणजे हाली सिक्क्याचे, एकशे चाळीस रुपये थैलीत बांधून माझ्याकडं ठेवून गेले. लिहून देतो म्हटलं तर हसले. "अमानतीला कागद कशाला, बेटा?" वर्षभरात ती थैली मी रिकामी केली. दर वेळी वाटे, पुढच्या पगारात भरून टाकू.

मग निरोप आला, चाचा परत येताहेत, माग पुन्हा लावायचाय. श्रावणातल्या शनिवारी पहाटे मी खुलताबादेला भद्रा मारुतीकडं चालत निघालो. काय मागणार होतो ते आज लिहितो. चाचा परत येऊ नयेत. त्याहून वाईटही मनात येऊन गेलं.

पडेगावात उजाडलं. रस्त्याकडेला लासूरहून आलेली बैलगाडी उभी होती आणि बैलांना पाणी दाखवीत होते ते चाचाच. त्यांनी आधी माझ्या आईची तब्येत विचारली. मला पुढं जाववेना, मागं फिरवेना. सगळं सांगून टाकलं. ते बराच वेळ बैलाच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. गाडीतून चाची म्हणाल्या, "अब सूत काय से लाना, पूछो इसकू." चाचांनी त्यांना हातानं थांबवलं.

"पैसा तर गेला. आता तू पळून जाऊ नको. पगार झाला की माझ्याकडं आणून दे, खर्चाला मी मोजून देईन."

मी म्हणालो, देवाला निघालोय.

"काय मागणार होतास?"

मी बैलांपुढची बादली उचलून गाडीला टांगली.

"मग बस गाडीत."

दीड वर्ष माझा पगार त्यांच्या हाती होता. आठवड्याचं तेवढं मिळे, उधारी बंद. पानाला पैसे मागितले की सुनावत, "अरे नवाबा, माग बघ. जेवढा सुताचा ताणा लावला तेवढंच कापड निघतं. तू हातभर ताण्यावर शेरवानी शिवायला निघतोस." त्यांनी आधी इतरांची देणी फेडायला लावली, आपलं शेवटी ठेवलं. त्या वर्षी माझ्यापायी त्यांना स्वतःला सूत उधारीवर आणावं लागलं. चाची माझ्याशी बोलत नसत. त्यांचं बरोबर होतं. पुढं पगार त्यांनी माझ्याच हाती ठेवला आणि मला तो पुरू लागला. अखेर थैली भरली तोवर पगार भारतीय नाण्यात, कलदारात होऊ लागला होता. मी एकशे चाळीस कलदार पुढं केले. सात हालीचे सहा कलदार, या हिशेबानं चाचांनी वीस परत सारले. अमानतीवर व्याज नसतं, म्हणाले.

मोहल्ल्यात त्यांनी हे कधीच कुणाला सांगितलं नाही. त्या मौनाचा फायदा घेऊन मी चमत्काराची कथा रचली. परवा त्यांच्या थोरल्या मुलाला हे सारं वाचून दाखवलं. त्याला काहीच ठाऊक नव्हतं. तो म्हणाला, "अब्बांचं नाव राहू द्या त्यात."

ते राहू दिलं आहे. त्या सकाळी मला मागू दिलं गेलं नाही. तेव्हापासून देवापुढं उभा राहतो, पण काय द्यावं हे त्याला सुचवत नाही.