कांद्याच्या बराखीतला बँड

आमचा बँड कांद्याच्या बराखीत सुरू झाला, हे शहरातल्या मुलांना सांगताना मी अजूनही जरा अडखळतो. बराख म्हणजे कांदा साठवायची लांबट शेड. वर पत्रा आणि बाजूंना फटीफटींच्या बांबूच्या भिंती, वारा आरपार जावा म्हणून. वाऱ्यासोबत आमचा आवाजही जायचा. आमची प्रत्येक चूक सगळ्या वस्तीला ऐकू यायची.

बराख ड्रमवाल्या मित्राच्या घरची, अवसरीच्या आमच्या कॉलेजपासून जवळच. त्याचे ड्रम लग्नात वाजवणाऱ्या एका बँजो पार्टीचे होते. पार्टी मोडली आणि ते त्याच्याकडे आले. स्पीकर गणेश मंडळाचा. गिटारवाला माझ्याच खोलीत राहायचा. मी गायचो, म्हणजे प्रयत्न करायचो. मी घोडेगावच्याही वरचा, डोंगरातला. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला पहिलाच. वर्गात बसलो की पाय आपोआप हलायचे. घरी गेलो की दुसऱ्या दिवशी परत निघावंसं वाटायचं. त्यावरच एक गाणं लिहिलं होतं, ‘बसवत नाय, मला बसवत नाय.’

उन्हाळा लागला आणि कांदा निघाला. गिटारवाला परीक्षा झाली की पुण्याला कामाला जाणार होता. बराख भरायच्या आत ते गाणं मोबाईलवर रेकॉर्ड झालं नसतं, तर आमच्या बँडचं काहीच उरलं नसतं.

“पोरांनो, आवरा आता,” मित्राचे वडील पहिली ट्रॉली लावत म्हणाले.

“काका, एकच गाणं हाय,” मी म्हणालो.

“एकच हाय म्हणून तर म्हणतोय. म्हशीला पाठ झालंय ते.”

मागच्या टोकाकडून कांदा ओतायला सुरुवात झाली. आम्ही दाराकडे सरकत सरकत वाजवत होतो. बाहेर लिंबाखाली बाया कांद्याची पात कापत बसलेल्या. फटींमधून त्यांचे डोळे दिसायचे. शेवटच्या कडव्यात आवाज वर चढवायचा होता. मी दर वेळी तिथे पोचायचो आणि थांबायचो.

“आरं पावण्या,” त्यांच्यातली थोरली मावशी ओरडली, “आमी काय आर्धा कांदा कापून टाकून देतो का? तू मधीच का सोडतो रं?”

“लाजतोय त्यो,” दुसरी म्हणाली. “दाखवायला बसवलेल्या पोरीवाणी.”

सगळ्या हसल्या. मीही हसलो.

अर्धी बराख भरली तेव्हा गिटारवाल्याने हात वर केला. “राव, पत्रा खणखणंना झाला.” खरंच. एवढे दिवस ड्रम वाजला की पत्रा घुमायचा. आता तो घुमणारा आवाज कांद्याचा ढीग गिळत होता. आमचं वाजवणं पहिल्यांदाच नीट ऐकू येत होतं, आणि उभं राहायला जागा मात्र संपत चालली होती.

मित्र वडिलांकडे पळाला. काय बोलला माहीत नाही. काकांनी ट्रॅक्टर बंद केला. “एकदाच. इंजिन गार व्हायच्या आत उरका.”

मी बायांकडे पाठ केली आणि कांद्याच्या ढिगाकडे तोंड करून उभा राहिलो. धुळीने घसा खवखवत होता. शेवटचं कडवं आलं. त्यात एक मुलगा घोडेगावच्या स्टँडवर उभा असतो. डोंगराकडची एसटी लागते, ती तो सोडतो. मग खालची मंचरची लागते, तीही सोडतो. त्या ओळीला माझा आवाज चिरकला, पण थांबलो नाही. शेवटपर्यंत गेलो.

गिटारवाल्याने मोबाईल कानाला लावला. आम्ही दोघं त्याच्या तोंडाकडे बघत होतो.

“आलंय,” तो म्हणाला. “सगळं आलंय.”

मित्राने काठ्या हवेत फेकल्या. मला मात्र नुसतं पळत सुटावंसं वाटत होतं, कुठे ते माहीत नव्हतं. तेवढ्यात फटीतून मावशीचा आवाज आला.

“दोनी गाड्या सोडल्या व्हय रं?”

“हो, मावशी.”

“मंग जाणार कशानं?”

मी काहीतरी सांगणार होतो. पण काकांनी ट्रॅक्टर चालू केला, आणि आम्ही ड्रम उचलून बाहेर उन्हात आलो.