दोन वर्षांचा गार चहा

कॉलेजात पहिल्या वर्षाला सांस्कृतिक मानवशास्त्र शिकवणाऱ्या एक बाई दर शुक्रवारी दुपारी इस्पितळाच्या धुलाईघरात जाऊन बसत. त्या पाठ्यपुस्तक लिहीत होत्या. जगभरच्या समाजांची उदाहरणं देताना एक तरी आपल्या डोळ्यांनी पाहिलेलं असावं, हा त्यांचा हट्ट. वाफेनं चष्मा धुरकटला तरी कोपऱ्यातली खुर्ची सोडत नसत.

तिथल्या चहावर त्यांनी अख्खं प्रकरण लिहिलं. किटली आली की कप भरले जात, पण सगळे थांबत. सर्वांत जुन्या मावशी हातातली घडी संपवून येत, पहिला घोट घेत. मगच बाकीचे कपाला हात लावत. समाज वयाचा मान कसा राखतो, हे बाईंनी त्यावरून मांडलं. पुस्तक छापखान्यात गेलं. सत्राआधी निघालं तर कॉलेजात लागणार होतं.

त्याच आठवड्यात, विसरलेली छत्री आणायला, बाई मंगळवारी तिथं गेल्या. चादरींआडून पाहतात तर ज्याच्या हाती जो कप लागेल तो उचलून प्रत्येक जण पीत होता. मावशी सगळ्यांत शेवटी. बाई दिसताच कप खाली आले.

"मावशी, हे काय?"

"आता काय लपवायचं! पहिल्या दिवशी तुम्हीच विचारलंत ना, इथं मोठं कोण, आधी चहा कोण घेतं? आम्हाला वाटलं, तुमच्यात तशी रीत असणार. पाहुण्या माणसाला कशाला वाईट वाटू द्या?"

इस्त्रीवाला हसला. "बाई, दोन वर्षं शुक्रवारचा चहा गार पितोय तुमच्यापायी!"

बाई तिथून थेट प्रकाशकाकडे गेल्या. तो वैतागला. "धुलाईघरात जाऊन कोण तपासणार आहे?"

"पहिल्या वर्षाची मुलं. मीच पाठवणार त्यांना."

प्रकरण मागे घेतलं. पुस्तक वर्षभर लांबलं आणि वर्गात जुनंच लागलं. बाईंनी त्याचा बाऊ केला नाही. नवं प्रकरण त्या खुर्चीपासून सुरू होतं. खुर्ची मात्र आता तिथं नाही. बाई टेबलापाशी उभ्या राहून उशांच्या अभ्र्यांच्या घड्या घालतात.

परवाच्या शुक्रवारी किटली आली तेव्हा त्यांच्या हातात अर्धी घडी होती. ती संपवून पोचेपर्यंत किटली रिकामी.

"आमच्यात असंच," मावशी म्हणाल्या. "मागे राहिला त्याचा चहा गेला."

बाईंनी ते लिहून घेतलं नाही. आधी मंगळवारी येऊन पाहायचं होतं.