मोठ्या बाईंच्या फर्नला तांबेरा

बहात्तरच्या दुष्काळात आमच्या जामखेडात रोज दोनदा आंघोळ करणारा एकच जीव होता आणि तो कुंडीत राहत होता.

तो आमच्या शाळेच्या मुख्याध्यापिकांचा, म्हणजे मोठ्या बाईंचा, फर्न. लेकीच्या बाळंतपणासाठी बाई दोन महिने पुण्याला निघाल्या आणि कुंडी माझ्या हाती सोपवून गेल्या. मी विज्ञानाचा नवा मास्तर, अजून तात्पुरता. मला कायम करायचं की घरी पाठवायचं, हे परत आल्यावर बाईच ठरवणार होत्या.

"काळे सर, ऊन अजिबात नको. सावली, ओल आणि लक्ष. जमेल ना?"

"बाई, मी शेतकऱ्याचा मुलगा!" मी छाती फुगवून म्हणालो. (त्या वाक्याची मला आजही लाज वाटते.)

महिनाभर सगळं सुरळीत चाललं. आम्ही नवरा-बायको एका बादलीत आंघोळी उरकत होतो आणि फर्नवर सकाळ-संध्याकाळ पाण्याचा शिडकावा होत होता. मग एक दिवस मी सहज पान उलटून पाहिलं. पानाच्या पाठीवर तपकिरी ठिपके! दुसरं पान उलटलं, तिथेही ठिपके! तेही कसे, तर प्रार्थनेला उभ्या केलेल्या पोरांसारखे दोन्हीकडे ओळीने.

नेमके त्याच दिवशी माझे वडील, अण्णा, गावाहून बाजाराला आले होते. त्यांनी पान बोटावर घासलं. बोट तपकिरी झालं.

"आरं, ह्यो तर तांबेरा हाय!"

"अण्णा, तांबेरा गव्हाला पडतो. हा फर्न आहे!"

"मंग? पान ते पान! तांबेऱ्याला काय इचारून पडायचं आसतं व्हय? लई पसरायच्या आत इलाज कर."

"मामंजी, पण झाड किती टवटवीत आहे!" माझी बायको सुमन म्हणाली. "आजारी झाड असं दिसतं का?"

"तुला काय कळतंय त्यातलं?" मी खेकसलो. (सुमन राहात्याच्या बागाईतदारांची मुलगी. झाडापानांतच वाढलेली. पण ते आठवायला तेव्हा सवड कोणाला होती!)

पहिला इलाज म्हणून मी दात घासायचा ब्रश घेऊन एकेक ठिपका खरवडायला बसलो. दोन दिवसांत चार पानं झाली आणि चारही फाटली. तोवर अण्णांनी गावाहून गंधकाची पुडी पाठवली. ज्वारीच्या बियाण्याला चोळायला घरात ठेवलेलं गंधक! मी ते सढळ हाताने फर्नवर उधळलं. फर्न पिवळा झाला, मग करपला. घरात असा वास सुटला की शेजारीण दारातूनच ओरडली, "काय हो, दिवाळी लवकर आली का यंदा?"

पुढच्या बाजाराला अण्णांनी निकाल दिला, "आता वरचं समदं काप आन् जाळून टाक. तांबेरा ऱ्हायला न्हाई पायजे!"

मी विळा घेतला. पाच मिनिटांत कुंडी सफाचट झाली आणि परसात पानांची होळी पेटली.

"गेला का हो रोग?" सुमनने विचारलं.

"गेला."

"आणि फर्न?"

मी रिकाम्या कुंडीकडे पाहिलं. बाईंना यायला तीन आठवडे उरले होते. नोकरी गेली तर पुन्हा अण्णांच्या कोरड्या विहिरीच्या काठी जाऊन बसायचं होतं! मी खरोखर घाबरलो. सगळं जामखेड पालथं घातलं, एस.टी.ने नगर गाठलं, पण त्या दुष्काळात फर्न कुठला मिळतोय! शेवटी कुंडीत गाजराचा पाला खोचून ठेवायचा विचार मी सुमनला गंभीरपणे बोलून दाखवला.

तिने कुंडी उचलून मोरीजवळ रांजणाच्या आडोशाला ठेवली, भोवती ओलं गोणपाट गुंडाळलं आणि मला बजावलं, "आता हात लावायचा नाही."

अडीच आठवड्यांनी मी चोरून डोकावलो आणि किंचाळलो, "अळ्या! सुमन, अळ्या पडल्या!" कुंडीत चार केसाळ, गुंडाळलेली वेटोळी उभी होती. मी गंधकाकडे धावणार, तेवढ्यात सुमनने माझं मनगट धरलं.

"अहो, पालवी आहे ती! फर्नची पानं गुंडाळलेलीच येतात, मग उलगडतात."

मी देवासमोर साखर ठेवली. आयुष्यात इतकं हायसं मला पुन्हा कधी वाटलं नाही.

बाई आल्या. कोवळी हिरवी पालवी पाहून त्यांनी भुवया उंचावल्या. मी तांबेऱ्यापासून विळ्यापर्यंत सगळं घडाघडा कबूल केलं.

"चला, जगलं तरी," त्या म्हणाल्या. "पण काळे सर, ते ठिपके म्हणजे फर्नचे बीजाणू. त्यातूनच नवीन झाडं होतात. आपल्याकडे हे कितवीला आहे?"

"आठवीला."

"शिकवतं कोण?"

"मी. गेल्याच महिन्यात शिकवलं, बाई. फळ्यावर आकृती काढून."

बाई इतक्या हसल्या की त्यांना पदराने डोळे पुसावे लागले. पंधरा दिवसांत कायम झाल्याचा कागद माझ्या हातात पडला. त्यानंतर तीस वर्षं मी त्याच शाळेत इमानेइतबारे नोकरी केली आणि तीसही वर्षं पी.टी. शिकवली!