झिलकऱ्याचं नाव

जगात माणसांच्या दोनच तऱ्हा, असं माझे चुलत सासरे, तात्या, ठामपणे सांगत: गाणारणीकडे बघणारी आणि झिलकऱ्याकडे बघणारी. दुसऱ्या तऱ्हेत सबंध बारामती तालुक्यात ते एकटेच होते आणि त्याची त्यांना जराही खंत नव्हती. झिलकरी म्हणजे तमाशात गाणारणीच्या मागे उभा राहणारा. तिनं ओळ सोडली, की यानं ‘जी जी’ करत ती वर धरून ठेवायची, म्हणजे तिला दम घेता येतो. त्याच्याकडे कुणीही बघत नाही. तात्या फक्त त्याच्याकडेच बघत. लोक फडासमोर जागा धरायला धावायचे, तर तात्या कडेला जाऊन तिरके बसायचे, मागचा माणूस नीट दिसावा म्हणून. बरं, हा स्वभाव तमाशापुरता नव्हता. पंगतीत जिलबीची तारीफ सोडून ते मीठ वाढणाऱ्याची विचारपूस करत. माझ्या लग्नात सगळा मांडव नवरीकडे बघत होता, आणि अक्षता पडताच तात्यांनी मला गाठून सांगितलं, "जावईबापू, अंतरपाट झकास धरला व्हता." मी तेव्हाच ओळखलं, की हे प्रकरण साधं नाही.

शेळगावचा सावळा हा त्यांचा झिलकरी. वीस वर्षं त्यानं एकाच फडात झील धरली आणि लोणी भापकरपासून इंदापूरपर्यंत फड जाईल तिथं तात्यांची बैलगाडी मागोमाग गेली. पुढे सावळाचा घसा गेला, छातीचं दुखणं जडलं आणि तो अंथरुणाला खिळला. अशात मी वर्तमानपत्रात वाचलं, की रेडिओवर त्या फडाचा अर्ध्या तासाचा खास कार्यक्रम होणार, जुनी गाणी लावणार आणि शेवटी कलावंतांची नावं सांगणार. तात्या त्याच दिवशी शेळगावला जाऊन सावळाला शब्द देऊन आले, की तुझं नाव मी या कानांनी ऐकतो आणि लगेच येऊन सांगतो. सावळाच्या वस्तीवर रेडिओ नव्हता, आणि त्याला हलवण्याची सोय नव्हती.

आमच्या चावडीतल्या पंचायतीच्या रेडिओची किल्ली गावचा मास्तर म्हणून माझ्याकडे होती. त्या आठवड्यात चावडीवर दुसरा विषय नव्हता. ढोलकीवाल्याचे भक्त दगडू पैलवान म्हणत, फड चालतो तो ढोलकीवर, झिलकऱ्याचं नाव घ्यायला रेडिओवाल्यांना वेळ आहे का? तात्या वाद घालत बसले नाहीत; ते तयारीला लागले. संध्याकाळी साडेसहाचा कार्यक्रम, म्हणून पिठाची गिरणी अर्धा तास बंद ठेवायला लावली. कुत्र्यांना गुंतवायला भाकरी देऊन दोन गडी वेशीत बसवले. कुणी शिंकू नये म्हणून तपकिरीच्या डब्या जमा केल्या. "चावडीत श्वास घ्यायचा तर नाकानं घ्या," अशी ताकीद दिली आणि स्वतः रेडिओला कान लावून बसले.

गाव खरोखर गप्प बसलं. सुई पडली तरी ऐकू यावी अशी वीस-पंचवीस मिनिटं गेली. मग शेवटचं गाणं लागलं आणि त्यात सावळाची झील उठली, उंच, कोवळी, वीस वर्षांपूर्वीची. ती संपली मात्र, तात्या ताडकन उभे राहिले आणि फेटा उडवून गरजले, "वन्स मोअर!" झालं. फड म्हटला की वन्स मोअर घ्यायचाच, ही आमच्याकडची रीत. शंभर माणसं ओरडली, शिट्ट्या झाल्या, आणि सगळे पुन्हा गाणं सुरू व्हायची वाट बघत उभे राहिले. शांत झालं तेव्हा रेडिओ गुळाचे भाव सांगत होता. तात्यांचा चेहरा असा उतरला, की पैलवानांनी स्वतः त्यांचा फेटा उचलून दिला.

पण हार मानतील तर ते तात्या कसले! सकाळीच त्यांनी मला सायकल काढायला लावली. मी जावई असूनही पायंडल मारत होतो आणि ते कॅरिअरवर बसून रस्ता सांगत होते. भवानीनगरला साखर कारखान्यातल्या एका कारकुनाच्या घरी रेडिओ होता. त्या कारकुनांनी कार्यक्रम नीट ऐकला होता. ते म्हणाले, रेडिओवर गाणारणीचं नाव घेतलं, ढोलकीवाल्याचं घेतलं, तुणतुणेवाल्याचं घेतलं, आणि मग नुसतं, "आणि साथीदार." तात्यांनी त्यांना पुन्हा एकदा आठवून बघायला सांगितलं. मग सायकल शेळगावच्या रस्त्याला लावायला सांगितली.

सावळा भिंतीला टेकून बसला होता, वाटच बघत होता.

"घेतलं का?"

"घेतलं," तात्या म्हणाले.

"कागदावरचं का हाकेचं?"

तात्यांना सावळाचं कागदावरचं नाव ठाऊकच नव्हतं.

"दोनी घेतली."

सावळानं त्यांच्याकडे खूप वेळ बघितलं. मग सुनेला हाक मारून सांगितलं, "तात्या लई लांबनं आल्यात. च्या ठिव." त्याला सगळं कळलं होतं असं मला वाटतं. तरी चहा होईपर्यंत तो हसऱ्या तोंडानं बसून होता.

महिन्याभरात सावळा गेला. चावडीवर वाद मात्र चालूच राहिला; सावळाला सांगितलेलंच तात्या तिथंही सांगत, आणि एका संध्याकाळी पैलवानांनी त्यांना कोंडीत पकडलं. दोन्ही नावं घेतली म्हणता, तर ऐकणारा एक तरी माणूस दाखवा. तात्या खाली बघत बसले. खोटं बोलणाऱ्या पोरांना अंगठे धरायला लावणारा मी मास्तर, मी उठलो.

"मी ऐकलं. रेडिओपाशीच उभा होतो. दोन्ही घेतली."

मास्तरांचा शब्द म्हटल्यावर पैलवान खाली बसले. घरी जाताना तात्या वळणापर्यंत माझा हात धरून चालले.

तात्यांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. पैलवान भेटले की अजून हळूच विचारतात, खरंच घेतलं होतं का हो नाव? घेतलं होतं, असं मी सांगतो, आणि दर वेळी मला तात्यांची फार आठवण येते.