पाटकरी का मेला

हिरामणभाऊंवर माझा अजून राग आहे. गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलावं म्हणतात. म्हणोत बापडे.

धुळ्यात देवपूरला पॉलिटेक्निकच्या वर्कशॉपमध्ये ते मदतनीस होते, मी तिथला विद्यार्थी. रद्दीतलं एक इंग्रजी मासिक त्यांनी माझ्याकडून वाचून घेतलं. परदेशात म्हणे चारजण मिळून वहीवर एक काल्पनिक राज्य मांडतात, प्रत्येकजण त्यातलं एक पात्र होतो आणि फासे टाकून पुढचं ठरतं. झालं! दर रविवारी दुपारी त्यांच्या ओसरीवर आमचं राज्य सुरू झालं. फासे म्हणजे फोडलेले सहा चिंचोके, एक बाजू काळी, एक पांढरी.

मासिकातली जादू मात्र भाऊंना पटली नाही. "मंतर म्हना अन् व्हई गयं? फुकटनं काहीच नई रे भो. पानी आठे उनं तं कोठे तरी आटस." त्यांचे वडील पांझरा नदीच्या फडावर, म्हणजे बंधाऱ्याच्या सामायिक पाण्यावरच्या शेतांवर, पाटकरी होते, पाळीप्रमाणे शेतांना पाणी सोडणारे. वरच्या शेतानं जास्त घेतलं की शेपटाचं शेत कोरडं राहतं, हे भाऊ लहानपणापासून बघत आलेले. म्हणून आमच्या राज्यात जादूसुद्धा पाटाच्या पाण्यासारखी. जितकी घ्याल तितकी दुसऱ्याची कमी होणार, आणि तो दुसरा कोण ते वहीत लिहायचं.

आमचा राजा होता माझ्या वर्गातला सुरेश. त्यानं एकदा एका मंत्रात किल्ला उभा केला. भाऊंनी खोडरबर घेतलं आणि त्याच्याच तीन गावांच्या विहिरी पुसल्या.

"भाऊ, खेळच आहे ना?" सुरेश कुरकुरला.

"खेळ शे म्हनीसनच. नियम बठ्ठासले एकच शे. राजाले बी, माले बी."

मी वैदू होतो. भाऊ स्वतः एक म्हातारा पाटकरी खेळायचे. खरं सांगायचं तर तोच आमचा सगळ्यांचा लाडका होता.

दुसऱ्या वर्षी माझे वडील वारले. तेराव्यानंतरच्या रविवारी मी ओसरीवर गेलो आणि नेमका त्याच दिवशी वैदू तापानं पडला. एक तरी चिंचोका पांढरा पडला तर जगणार होता. भाऊंनी वहीच्या आड चिंचोके टाकले, बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, "वैदू वाचना."

पुढच्या रविवारी बसल्या बसल्या म्हणाले, "पाटकरी मरी गया."

ना ताप, ना लढाई, ना चिंचोके. माझं डोकंच फिरलं. "नियम तुमचा आणि मोडलात तुम्हीच? उगाच मारलंत त्याला." भाऊंनी चिंचोके फडक्यात बांधले. मी चपला घातल्या आणि परत त्या ओसरीवर गेलो नाही. जळगावला नोकरी लागल्यावर एकदा धुळ्याच्या बसस्टँडवर ते समोर आले. मी तोंड फिरवलं.

ते गेल्याचं कळल्यावर भेटायला गेलो. वहिनींनी वही हातात ठेवली. "तुमनं नाव शे वर. लई जा."

तो रविवार मी शोधून काढला. भाऊंच्या ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं : 'पांढरा एकही नाही. वैदू मेला.' त्यावर काट. खाली : 'पोराच्या घरी एक मरण झालंय. वैदू वाचवला. पाणी पाटकऱ्याचं वळवलं.'

म्हणजे नियम पाळलाच होता त्यांनी. आणि मी मूर्ख सात वर्षं जिथं तिथं त्यांना नियम मोडणारा म्हणत हिंडलो. एका शब्दानं सांगता आलं नसतं का? त्या बसस्टँडवर तरी? तिथंही ते नुसते हसले, आणि माझी बस हलेपर्यंत उभे राहिले.