गेर्लिंडेबाईंचे दबके हुकूम

गेर्लिंडे वेसेलहोफ्ट यांनी जर्मनीतल्या आमच्या गावच्या शाळेत आयुष्यभर इंग्रजी शिकवलं. निवृत्तीनंतर त्यांनी एकच काम घेतलं : हॅनोवरच्या जुन्या फौजेचं कवायतीचं पुस्तक इंग्रजीत आणायचं. एके काळी आमचा आणि इंग्लंडचा राजा एकच होता. त्या नात्याने आमच्या इतिहास मंडळाची यॉर्कशरमधल्या तशाच एका मंडळाशी दोस्ती आहे. पुस्तक त्यांच्यासाठी.

मंडळाचे अध्यक्ष डेटमर यांना हे पटत नव्हतं. "जावयाच्या कॉम्प्युटरवर टाकलं की कॉफी होईपर्यंत इंग्रजी तयार." जुन्या फौजेतला 'फेल्डवेबेल' म्हणजे इंग्रजांचा नेमका कुठला सार्जंट, या वादावरून दोघांचं बोलणं आधीच बंद होतं. शेवटी सभेत हात वर करून ठरलं : जूनमध्ये पाहुणे आले की बाईंच्या इंग्रजीवर कवायत करायची. जमली तर बाईंचं छापायचं, नाहीतर कॉम्प्युटरचं.

"हुकमाला अर्थ नसतो, हालचाल असते," हे बाईंचं तत्त्व. कवायत न येणाऱ्या माणसाने इंग्रजी हुकूम ऐकून बरोबर हालचाल केली, तरच भाषांतर बरोबर. त्यासाठी त्यांनी चार जुने विद्यार्थी धरून आणले आणि शेजारीशेजारी भाड्याने दिलेल्या बागांपैकी आपल्या बागेत, भाजीच्या वाफ्यांमध्ये, झाडू देऊन उभे केले. चौघांना सवड दुपारच्या सुट्टीतच. आणि दुपारी एक ते तीन तिथल्या कुठल्याच बागेत आवाज करायचा नाही, हा नियम. त्यामुळे बाई हुकूम कुजबुजत.

"बाई, डावा खांदा की उजवा?" बेकरीवाला योर्न हात वर करून विचारी.

"तुला कळलं नाही म्हणजे माझं चुकलं. आणि हात खाली घे, पन्नाशी आली तुझी."

पुस्तकातला एक हुकूम इतका लांब होता, की तो संपेपर्यंत शत्रू जेवून परत गेला असता. बाईंनी तो दोन शब्दांत बसवला.

मधूनच कुंपणापलीकडून बागेच्या देखरेखवाल्या क्नूपबाई गरजत, "कोण आहे तिकडे?" लगेच चार झाडू झुडपात आणि चार माणसं ओणवी होऊन तण उपटायला लागत. याचाही सराव उत्तम झाला.

कवायतीच्या दिवशी मंडळाच्या हिरवळीवर पाहुणे बाकांवर बसले. चौघांच्या हाती खऱ्या जुन्या बंदुका.

"हुकूम मी देणार," डेटमर म्हणाले. "तुमचा आवाज पहिल्या बाकापर्यंतही पोचायचा नाही."

"घसा तुमचा, शब्द माझे. एकही बदलू नका."

डेटमरांनी छाती भरून घेतली आणि बंदुका खांद्यावर घ्यायचा हुकूम इंग्रजीत ठोकला. चारही बंदुका गुलाबाच्या कुंपणात गेल्या. चौघं ओणवे होऊन तण उपटू लागले.

पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या.

"बघा बाईंचं इंग्रजी!" डेटमर लालबुंद झाले.

"ओरडलात कशाला?" योर्न खालूनच म्हणाला. "मला वाटलं क्नूप आली!"

बाई पुढे झाल्या आणि कुजबुजल्या. सगळी कवायत बिनचूक झाली.

"पाठ करून आलेत," डेटमर म्हणाले. "यात भाषांतराची परीक्षा कुठे झाली?"

हे मात्र खरं होतं. बाईंनी बंदुका घेतल्या आणि पाहुण्यांच्या बसचा ड्रायव्हर व केवळ बियरसाठी आलेले तिघे पाहुणे यांच्या हाती दिल्या. सवयीने पुन्हा कुजबुजल्या. चौघांनी कान टवकारले, आणि बंदुका नेमक्या हव्या तिथे गेल्या. ड्रायव्हरची तर सगळ्यांत सरळ.

पाहुण्यांच्या प्रमुख अ‍ॅक्रॉइडबाईंनी विचारलं, "पण हे इतकं हळू का?"

बाई खरं सांगायला तोंड उघडतात तोच मंडळाची अब्रू डेटमरांना आठवली.

"शत्रूला ऐकू जाऊ नये म्हणून," ते म्हणाले.

भाषांतर बाईंचंच छापायचं ठरलं. कुजबुज फक्त बागेच्या नियमामुळे होती, अशी तळटीप त्यांनी मागितली. ती सभेने हात वर करून फेटाळली. यॉर्कशरचे लोक आता सगळी कवायत कुजबुजत करतात. बाईंनी न राहवून फोन केला आणि खुलासा केला.

"कळलं," अ‍ॅक्रॉइडबाई म्हणाल्या, "पण बदलणार नाही. शेजाऱ्यांच्या तक्रारी पहिल्यांदाच थांबल्यात."